बारशाआधीच गेलेलं बाळ

मैत्रिणींनो, आमच्या महिला मंडळात दरवर्षी मार्च महिन्यात मुलींसाठी एक छोटी प्रश्नमंजूषा होते. त्यात एक प्रश्न ठरलेलाच असतो, आनंदीबाई जोशी कोण होत्या? लगेच सगळ्यांचे हात वर होतात. पहिल्या महिला डॉक्टर! यंदा मी त्याला एक जोडप्रश्न टाकला. त्या डॉक्टर का झाल्या? हात खाली आले. एक मुलगी म्हणाली, नवऱ्याने शिकवलं म्हणून. उत्तर चुकीचं नाही, पण ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे एक तान्हं बाळ. दहा दिवस जगलेलं. आज त्या बाळाच्या आईची गोष्ट सांगायची आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना. कल्याणच्या जोशांची ही लेक. एके काळी घर खातंपितं होतं, पण पुढे ओढगस्त आली. यमू दिसायला बेताची, अंगाने धष्टपुष्ट आणि स्वभावाने हट्टी. आई कडक होती, मार बसायचा. लाड केले ते वडिलांनी आणि आजीने. अशा मुलीचं लग्न कसं होणार, या काळजीत घरचे असताना कल्याणच्या पोस्टात काम करणारे गोपाळराव जोशी यांचं स्थळ आलं. ते बिजवर होते आणि वयाने जवळपास वीस वर्षांनी मोठे. त्यांची अट एकच होती, बायकोला मी शिकवणार, कुणी आड यायचं नाही. घरच्यांनी मान डोलावली. १८७४ साली लग्न झालं, तेव्हा यमू नऊ वर्षांची होती. सासरी तिचं नाव आनंदी झालं.

गोपाळराव हा मोठा विक्षिप्त माणूस. बायकोने स्वयंपाकघरात रमावं हे त्यांना खपत नसे, तिने पुस्तक हातात धरलं पाहिजे. त्या काळात बायकोने पुस्तक उघडलं तर नवरे मारायचे, आणि इथे उघडलं नाही म्हणून मार बसायचा! होय, मार बसायचा. हे लपवण्यात अर्थ नाही. आनंदीबाईंनी स्वतःच पुढे पत्रांतून त्याची आठवण नवऱ्याला करून दिली आहे. त्यांचं मोठेपण सांगताना आपण गोपाळरावांची मूर्ती उगाच घासूनपुसून चकचकीत करू नये. त्यांच्या हट्टामुळे ती शिकली, हे खरं. त्या हट्टाचे वळ तिने अंगावर सोसले, हेही खरं.

कल्याणहून गोपाळरावांची बदली अलिबागला झाली. पोरवयातच आनंदीला दिवस गेले आणि वयाच्या चौदाव्या वर्षी ती बाळंत झाली. मुलगा झाला.

चौदाव्या वर्षी! आपल्या घरातली चौदा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. आठवी-नववीत असते. केस विंचरायचा कंटाळा करते, डब्यात भाजी नको म्हणून रुसते. त्या वयाच्या मुलीच्या कुशीत बाळ होतं. तिचं स्वतःचंच शरीर अजून वाढीला लागलेलं. अशा कोवळ्या आईचं बाळ कमी वजनाचं, अशक्त जन्मण्याची भीती जास्त असते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा कोणाला ठाऊक होतं?

त्या काळची बाळंतिणीची खोली कशी असायची हे आजीच्या तोंडून आपल्यापैकी अनेकींनी ऐकलं असेल. घरातली सगळ्यात अंधारी, कोंदट खोली. खिडकी बंद, कारण वारा लागेल. शेगडीचा धूर. सुईण येणार ती कुठून, कोणतं काम हातावेगळं करून येणार, तिने हात धुतले की नाही, हे कोण विचारणार? नाळ कापायला जे हाताशी असेल ते घ्यायचं. आणि वर दहा दिवसांची सोयर. बाळंतिणीला शिवायचं नाही, तिच्या खोलीत उगाच जायचं नाही. पाचवीला सटवाईची पूजा करायची, ती बाळाच्या कपाळी काय लिहील ते खरं. बाळंतीण तापाने फणफणली, बाळाने अंगावर पिणं सोडलं, तरी डॉक्टरला बोलवायची सोय नव्हती, कारण डॉक्टर पुरुष. परक्या पुरुषाने बाळंतिणीला बघायचं? छे!

म्हणजे बघा, बाळाच्या आयुष्यातले जे सगळ्यात नाजूक दहा दिवस, नेमके त्याच दहा दिवसांत त्याच्याभोवती भिंत घातलेली असायची. आनंदीचं बाळ दहाच दिवस जगलं. बारावा दिवस उजाडलाच नाही, म्हणजे बारसंही झालं नाही. पुढे आनंदीबाईंचं नाव जगभर गेलं, शुक्र ग्रहावरच्या एका विवरालासुद्धा ते दिलं गेलं. त्यांचं लेकरू मात्र पाळण्यात नाव ठेवण्याआधीच गेलं.

अशी मुलं तेव्हा घरोघरी जात. बायका दोन दिवस रडत आणि पुन्हा चुलीपुढे बसत. देवाने दिलं, देवाने नेलं. आनंदीच्या मनात मात्र ही गोष्ट रुतून बसली. वेळेवर नीट वैद्यकीय मदत मिळाली असती तर आपलं बाळ वाचलं असतं, ही रुखरुख तिला लागून राहिली. बायकांना बाई डॉक्टर का नसावी? इथून पुढे शिक्षण ही एकट्या गोपाळरावांची हौस उरली नाही. ती तिची स्वतःची गरज झाली. माझ्या मते त्यांच्या आयुष्याचं खरं वळण हेच. नवऱ्याने हातात पुस्तक दिलं, पण कोणतं पुस्तक वाचायचं ते बाळाने ठरवलं.

पुढचा प्रवास आपल्याला थोडाफार माहीत असतो. बदल्यांमागून बदल्या झाल्या. कोल्हापूर, मुंबई, कच्छमधलं भूज, नंतर कोलकाता आणि तिथून जवळचं श्रीरामपूर. पुस्तकं घेऊन शाळेत निघालेली बाई बघून लोक रस्त्यात हसत, नाही नाही ते बोलत. गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं, माझ्या बायकोला अमेरिकेत शिकायचं आहे, मदत करा. त्याने ख्रिस्ती व्हा असं सुचवलं, ते या दोघांना मान्य नव्हतं. पण त्याने तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीत रोझेल नावाच्या गावी राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर लागण्याची वाट बघत बसल्या होत्या, तिथे त्यांनी ते मासिक चाळलं. पंधरा वर्षांच्या या परक्या मुलीबद्दल त्यांना माया वाटली आणि त्यांनी पत्र लिहिलं. सातासमुद्रापलीकडे आनंदीला मावशी मिळाली, ती अशी! सख्ख्या मावशीने करावं तेवढं त्या माउलीने केलं.

तोवर आनंदीची प्रकृती ढासळू लागली होती. डोकेदुखी, बारीक ताप, अशक्तपणा पाठ सोडत नव्हता. तरी तिने जायचं ठरवलं, तेही एकटीने. नवऱ्याला रजा आणि पैसा दोन्ही मिळेना, म्हणून त्याने तिलाच पुढे पाठवायचं ठरवलं. लोकांनी आकाशपाताळ एक केलं. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात भरसभेत उभं राहून तिने भाषण केलं. वय वर्षं सतरा. या देशाला हिंदू बाई डॉक्टरांची गरज का आहे, बायका आपलं दुखणं पुरुष डॉक्टरला का सांगू शकत नाहीत, हे तिने ठणकावून मांडलं. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असंही सांगितलं. अंगावरचं सोनं विकून पैशांची जुळवाजुळव झाली आणि ७ एप्रिल १८८३ ला ती कोलकात्याहून बोटीत बसली. सोबतीला मिशनरी बायका होत्या, आपलं म्हणावं असं माणूस मात्र एकही नव्हतं.

फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला. तिथल्या डीन रेचल बॉडली यांनी तिला जीव लावला. पण थंडी कडाक्याची, कपडे साडीचे, जेवण शाकाहारी. खोलीतली शेकोटी धड पेटायची नाही, धूर मात्र भरपूर व्हायचा. छातीचं दुखणं बळावत गेलं. तशातही तिने अभ्यास सोडला नाही. ११ मार्च १८८६ रोजी तिला एम. डी. पदवी मिळाली, तेव्हा तिला एकविसावं वर्षही पुरं व्हायचं होतं. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. त्याच १८८६ साली कोलकात्यात कादंबिनी गांगुली याही आपल्या देशात शिकून डॉक्टर झाल्या.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. पदवीसाठी प्रबंध लिहावा लागतो. विषय निवडायला सगळं वैद्यकशास्त्र मोकळं होतं. आनंदीबाईंनी निवडलं प्रसूतिशास्त्र! हिंदू लोकांमधलं प्रसूतिशास्त्र. आपल्या जुन्या ग्रंथांत गर्भिणी आणि बाळंतिणीच्या उपचारांबद्दल काय सांगितलं आहे, हे त्यांनी तिकडच्या डॉक्टरांपुढे मांडलं. सात वर्षांपूर्वी ज्या खोलीत आपलं बाळ हरवलं, त्याच खोलीच्या दाराशी त्या पुन्हा जाऊन उभ्या राहिल्या, या वेळी हातात दिवा घेऊन.

कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून नेमलं. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईत उतरल्या, पण अंगात क्षयाने घर केलं होतं. कोल्हापूरला जाऊन खुर्चीवर बसणं नशिबी नव्हतं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी डोळे मिटले. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या. मावशींनी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, आपल्या घराण्याच्या दफनभूमीत त्या पुरल्या. पुढे १८८९ साली काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं. एका बाईचं आयुष्य दुसऱ्या बाईने मराठीत लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला इतकं तरी कळतं.

आपल्या देशात डॉक्टरी सुरू करण्याआधीच ही डॉक्टर गेली. मग तिचं शिक्षण वाया गेलं का? मुळीच नाही. तिच्यानंतर काही वर्षांतच रखमाबाई लंडनला शिकून डॉक्टर होऊन आल्या आणि सुरतेत वर्षानुवर्षं त्यांनी बायकांची सेवा केली. वाट एकदा पडली की माणसं चालू लागतात.

पण मैत्रिणींनो, आनंदीबाईंच्या दुःखाचं उत्तर एकट्या डॉक्टरकडे नसतं, ते आपल्या घरातही असतं. माझाच अनुभव सांगते. माझी थोरली मुलगी झाली तेव्हा तिला घरी आणून पाच दिवस झाले होते. ती रडायची नाही, दिवसभर झोपून असायची, अंगावर ओढायचीही नाही. आल्यागेल्या बायका म्हणायच्या, किती गं शांत बाळ! मलाही बरं वाटायचं. बी. ए. झालेली मी, पण मला काही कळलं नाही. शेजारी एक निवृत्त नर्सबाई राहायच्या. त्या सहज बघायला आल्या, त्यांनी बाळाला खिडकीजवळ नेलं, तळपाय बघितले आणि लगेच रिक्षा बोलवायला सांगितली. तळपायांपर्यंत कावीळ उतरली होती. घरात सोयर होती, खोलीत अंधार होता, म्हणून पिवळेपणा कुणाच्या लक्षातच आला नव्हता. मुलगी वाचली, आज वीस वर्षांची आहे. पण आनंदीबाईंच्या बाळाचे दहा दिवस वाचले की माझ्या पोटात अजून खड्डा पडतो. माझ्यात आणि त्यांच्यात अंतर होतं ते फक्त एका शेजारणीचं.

तीच शेजारीण गावोगावी तयार करता येते, हे आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झालं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांतल्या, थोडंफार शिकलेल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करणं, त्याचा श्वास मोजणं, त्याला ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नावाजलेल्या नियतकालिकात ते छापून आलं. २०११ पासून देशभर आशाताई हेच काम करतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी येतात. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही येतात. पण दार आपण उघडलं तर! सोयर आहे म्हणून आशाताईला ओट्यावरूनच परत पाठवणारी घरं मी स्वतः बघितली आहेत.

म्हणून सासूबाई, आई, मावशी, आत्या अशा सगळ्यांनाच माझं सांगणं आहे. बाळाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. पहिल्या तासातच बाळाला अंगावर घ्या, चीक पिळून टाकू नका, ती बाळाची पहिली लस आहे. मध, साखरेचं पाणी, गुटी यांतलं काही नको, सहा महिने फक्त आईचं दूध. बेंबीला तेल, हळद, राख काही लावू नका, ती कोरडी ठेवा. डोळ्यांत काजळ घालू नका. निदान पहिला दिवस आंघोळ नको, आणि बाळ अडीच किलोपेक्षा कमी असेल तर डॉक्टर किंवा आशाताई सांगेपर्यंत नुसतं पुसून घ्या. टोपी, मोजे घाला, आईच्या उघड्या छातीशी बाळ धरा, त्यासारखी ऊब शेगडीची नाही. खोलीत धूर नको, उजेड हवा.

आणि या खुणा फ्रीजवर नाहीतर देवघराशेजारी लिहून ठेवा. बाळ ओढत नाही, मलूल पडून आहे, अंग तापलं आहे किंवा गार लागतं आहे, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त चालतो आहे, छाती आत ओढली जाते आहे, झटके येत आहेत, बेंबी लाल झाली आहे किंवा पू आला आहे, तळहात-तळपाय पिवळे झाले आहेत. यातलं एक जरी दिसलं तर अंगारा लावत बसू नका, सकाळची वाट बघू नका. १०२ किंवा १०८ ला फोन करा. आजारी नवजात बाळावर सरकारी दवाखान्यात मोफत उपचार होतात आणि जिल्हा रुग्णालयात त्यांच्यासाठी वेगळा कक्ष असतो.

एक शेवटचं. मुलींची लग्नं अठराच्या आत करू नका. आनंदीबाई चौदाव्या वर्षी आई झाल्या ते १४० वर्षांपूर्वी. आजही आपल्या आसपास सोळा-सतराच्या मुली उरकून टाकल्या जातात, हे आपल्याला माहीत असतं आणि आपण त्या लग्नात जेवूनही येतो.

पुढच्या वेळी मंडळात मी तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहे. आनंदीबाई डॉक्टर का झाल्या? मुलींनी उत्तर द्यावं, दहा दिवसांच्या बाळासाठी. आणि आपल्या गल्लीत जेव्हा जेव्हा पाळणा हलेल, तेव्हा बारशाचं आमंत्रण येण्याची वाट न बघता आपण त्या घरी आधीच एक चक्कर मारावी. हात धुऊन.